विश्लेषण : ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जाणकार वापरकर्त्यांना वेगळे चर्चागट का लागतात?

समजा, नाहूरमधील एका कारखान्याच्या हिशेबनिसाने दुपारी चार वाजता ग्राहकाच्या नावे ई-इनव्हॉइस काढले. तासाभराने लक्षात आले, की रक्कम चुकली. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यवसायांना हे इनव्हॉइस सरकारी पोर्टलवर नोंदवून ‘आयआरएन’ हा क्रमांक घ्यावा लागतो आणि तो रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. हिशेबनीस ‘रद्द करा’ दाबतो, पण प्रत्येक वेळी त्रुटीचा संदेश येतो. कारखान्यात ‘ईआरपीनेक्स्ट’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. परवाना शुल्क शून्य. सशुल्क मदत घेतलेली नाही. अशा वेळी आधार उरतो तो इतर वापरकर्त्यांच्या चर्चागटाचा.

सामान्य चर्चागट अपुरा का पडतो?

ओपन सोर्स म्हणजे ज्याची मूळ संहिता कुणालाही पाहता, बदलता आणि वापरता येते असे सॉफ्टवेअर. त्याच्या सामान्य चर्चागटात सगळेच येतात. कुणाचा सर्व्हर बंद पडलेला असतो, कुणाला बिलाच्या छपाईत लोगो हवा असतो, कुणी नवे फीचर मागत असतो. उत्तरे देणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि साहजिकच ओळखीच्या प्रश्नावर थांबतात, बाकीचे पुढे सरकवतात.

आपल्या हिशेबनिसाच्या अडचणीचे एक नेहमीचे कारण असे : त्या इनव्हॉइसवर ई-वे बिल काढलेले असेल आणि ते चालू असेल, तर आयआरएन रद्द होत नाही. आधी ई-वे बिल रद्द करावे लागते. २४ तास उलटले असतील, तर बहुधा क्रेडिट नोट काढावी लागते. या उत्तरात प्रोग्रामिंगचा भाग फारसा नाही. ते जीएसटीच्या नियमांत आहे. परदेशातला निष्णात प्रोग्रामर ते देऊ शकणार नाही आणि मुलुंडचा एखादा कर सल्लागार दोन ओळींत देईल. अडचण एवढीच, की सर्व्हरच्या प्रश्नांच्या गर्दीत तो सल्लागार फिरकतच नाही.

ईआरपीनेक्स्टने काय केले?

हे सॉफ्टवेअर मूळ मुंबईचे. ते बनवणाऱ्या ‘फ्रापे’ या कंपनीचा पत्ता विद्याविहारचा, म्हणजे नाहूरहून धीम्या लोकलने पाचवे स्थानक. आरंभी जीएसटी, पगारपत्रक, रुग्णालय, शाळा असे सारे काही एकाच पोटात होते. २०२२ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीत हे भाग वेगळे झाले. भारतातील कर नियमांसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे स्वतंत्र अॅप झाले, मनुष्यबळ आणि पगार ‘फ्रापे एचआर’कडे गेले. संहिता वेगळी झाली, तशी तिच्यातील दोषांची नोंदवहीही वेगळी झाली. जीएसटीच्या तक्रारीला स्वतःचा पत्ता मिळाला.

मात्र याची किंमतही आहे. दोष नेमका कोणत्या बाजूचा, हे वापरकर्त्याला कसे कळावे? बटणच दिसत नसेल, तर चूक कर-अॅपच्या मांडणीत आहे की मूळ सॉफ्टवेअरमधील अधिकारांत? ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असे दोन्हीकडून ऐकावे लागले, तर सरकारी कचेरीतल्या या खिडकीवरून त्या खिडकीवर होणाऱ्या फेऱ्यांची आठवण यावी. वेगळे दालन करताना चुकून आलेला प्रश्न योग्य जागी पोहोचवणारा माणूस नेमणे म्हणूनच गरजेचे ठरते. हे काम कुणाला आवडत नाही, हेही खरे.

जुना अनुभव काय सांगतो?

संख्याशास्त्रासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या ओपन सोर्स भाषेचा सामान्य मदतगट १९९७ मध्ये सुरू झाला. पुढे प्रश्नांचे स्वरूप इतके बदलले, की नकाशे आणि भौगोलिक माहिती, वित्त, परिसंस्था अशा विषयांचे वीसहून अधिक खास गट निघाले. भूगोलाचा गट चांगला चालला, कारण त्या विषयाची साधने लिहिणारी मंडळी स्वतः तिथे उत्तरे देत होती. काही गट मात्र जवळजवळ मुकेच राहिले. आणि मुका गट गर्दीपेक्षा वाईट. गर्दीत निदान कुणाची तरी नजर पडण्याची शक्यता असते.

उत्तर देणारे आधी कसे जमवायचे?

‘स्टॅक एक्स्चेंज’ने यावर एक व्यवहारी तोड काढली होती. नव्या विषयाचे दालन मागणाऱ्यांनी आधी त्यात सहभागी होण्याचे वचन देणारी पुरेशी माणसे गोळा करायची. त्यांची संख्या भरली, तरच दालन उघडायचे. नकाशे आणि भौगोलिक माहितीचे दालन २०१० मध्ये असेच उघडले. ‘क्यूजीआयएस’ या ओपन सोर्स नकाशा सॉफ्टवेअरचे वापरकर्ते आजही तिथे प्रश्न विचारतात.

पवईत आयआयटी मुंबईने वेगळीच वाट धरली. तिथल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्रफीत-पाठ आहेत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. प्रश्न विचारताना सॉफ्टवेअर आणि पाठ निवडायचा, शिवाय अडचण कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाच्या आसपास आली तेही सांगायचे. इथे माणसांचे गट पाडलेले नाहीत. प्रश्नालाच जागा नेमून दिली आहे. नवशिक्याला ‘मी तज्ज्ञ की सामान्य?’ हे ठरवत बसावे लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

मग व्हॉट्सअॅप गट का नको?

तातडीच्या वेळी तो कामी येतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे मिळालेले उत्तर गुगलवर सापडत नाही आणि महिनाभरात दोनशे संदेशांखाली गाडले जाते. मग तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि उत्तर देणारा एक दिवस कंटाळून गट सोडतो.

दुसरा धोका पडद्याच्या छायाचित्राचा. घाईत इनव्हॉइसचा स्क्रीनशॉट टाकला जातो आणि त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची १० अक्षरे म्हणजे चक्क पॅन. एकल मालकीच्या धंद्यात तो मालकाचा वैयक्तिक पॅन असतो. त्याच छायाचित्रात ग्राहकाचे नाव आणि दरही असतात. गट खुला असो वा बंद, प्रश्नासोबत सॉफ्टवेअर व अॅपची आवृत्ती, त्रुटी-संदेशाचा टंकलेला मजकूर आणि आधी काय करून पाहिले ते लिहिले, तर बहुतेक वेळा छायाचित्राची गरज पडत नाही. टाकायचेच असेल, तर क्रमांक, नावे आणि रकमा झाकून टाकावे.