धरणाचा वर्ग म्हणजे काय?

मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वांटा शहापूर तालुक्यांतील भातसा धरणाचा आहे. ठाणें-डोंबिवलीकडील कित्येक घरें व कारखाने बारवी धरणावर अवलंबून आहेत. त्याचा जलाशय मुरबाड तालुक्यांत पसरला आहे. हीं धरणें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं, आणि दोहोंतही मातीच्या भरावाचा वांटा आहे. त्यांचें पाणी आपण रोज पितों. त्यांच्या वाढत्या वयाचा विचार मात्र क्वचितच मनांत येतो.

मातीचें म्हणून धरण कच्चें, असें मुळींच नाहीं. भारतांतील बहुसंख्य मोठीं धरणें मातीचींच आहेत. पोटांत चिकणमातीचा गाभा, त्यावर मुरुमाचें जाड कवच आणि पाण्याच्या अंगास दगडांचें अस्तर, अशी त्यांची रचना असते. थोडा पाझर असावयाचाच. तो निर्मळ आहे तोंवर भय नाहीं. परंतु तो वाढूं लागला किंवा गढूळ झाला, तर पाणी आंतील माती पळवीत आहे असें समजावें. वय वाढलें कीं माथा खचतो, उतारावर झाडें रुजतात, घुशी बिळें करतात. सर्वांत मोठें संकट म्हणजे माथ्यावरून पाणी वाहणें. मातीचा बांध तें सोसूं शकत नाहीं. म्हणूनच सांडवा सदैव मोकळा हवा.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानें मोठ्या धरणांची तपासणी पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर अशी दोनदां सक्तीची केली. केंद्रीय जल आयोगानें २०२० सालीं धोक्याच्या दृष्टीनें धरणांचे चार वर्ग सांगितले. येथेंच सुशिक्षितांचाही गैरसमज होतो. वरच्या वर्गांतलें धरण म्हणजे मोडकळीस आलेलें धरण नव्हे. तुळई किती मजबूत आहे, हा एक प्रश्न. ती पडलीच तर खालीं कोण निजलें आहे, हा दुसरा. वर्ग ठरतो तो ह्या दुसऱ्या प्रश्नावरून. त्यामुळें धरण होतें तसेंच राहिलें, तरी खालीं चाळी, शाळा नि बंगले उभे राहिले कीं त्याचा वर्ग चढतो. रेल्वेनें व नाशिकच्या रस्त्यानें शहराशीं जोडलेल्या ह्या भागांत नदीकांठची प्रत्येक नवी वस्ती हा हिशेब बदलीत असते.

धरण लहान म्हणून निर्धास्त राहणेंही बरें नव्हे. चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै १९१९ नव्हे, अगदीं अलीकडे, २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें आणि सुमारे वीस माणसें प्राणांस मुकलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें.

ह्यांतून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे. नदीकांठीं जागा घेण्यापूर्वीं पूररेषा कोठें आहे, वर कोणतें धरण आहे आणि संकटकाळीं इशारा कसा मिळणार, हें विचारून घ्यावें. कर्त्या पुरुषांनीं हें काम दलालावर सोंपवूं नये. आणि भरावाच्या पायथ्याशीं गुरें चारणाऱ्यानें पाणी गढूळ येत असल्याचें सांगितलें, तर त्याचें म्हणणें त्याच दिवशीं लिहून घेतलें जावें व अभियंत्यानें स्वतः जाऊन पाहावें. धरणाखालीं राहणाऱ्याचा जीव त्या नोंदीवर अवलंबून असतो.