मुलांची फार्मसी आणि पाचव्या सत्राची मेख

ऊसनोंदीसाठी जुन्नर-आंबेगावच्या शिवारात फिरताना आम्हाला विचारणा होते, "साहेब, पोरगं बी. फार्मसीला आहे, तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत म्हणतंय. असं कसं?"

याचे उत्तर भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत आहे. अभ्यासक्रम ४ वर्षांचा, ८ सत्रांचा. लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींना वेगवेगळी ८० टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण हवेत. पहिल्या तीन सत्रांत राहिलेले विषय चौथ्या सत्राच्या परीक्षेपर्यंत ओढता येतात. मेख पुढेच आहे. पहिल्या दोन सत्रांचा एकही विषय राहिला, तर पाचवे सत्र बंद. आणि ८ वर्षांत सारे उरकले नाही, तर नव्याने नोंदणी करावी लागते.

लागणीतल्या नांग्या आपण वेळेवर भरतो. उशिरा लावलेले रोप सावलीत खुरटते. राहिलेल्या विषयांचेही तसेच. तेव्हा उसाच्या बिलातून फी भरताना पावतीबरोबर गुणपत्रक आणि हजेरीही बघा. मात्र मुलगा असो वा मुलगी, रागावू नका. भीतीपोटी त्यांनी विषय लपवले, तर वर्ष आपल्याच घरचे जाते.