'नॉनप्लस्ड' आणि आपला 'अपरोक्ष'

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इंग्रजीच्या तासाला शब्दाचा अर्थ सांगून थांबत नसत; त्या शब्दाने माणसाची नेमकी कोणती अवस्था सांगितली जाते, असे विचारीत. 'नॉनप्लस्ड' या विशेषणाला त्यांनी दिलेला 'कुंठित' हा प्रतिशब्द माझ्या वहीत आजही आहे. अर्धशतकाहून अधिक काळ तो मला पुरला आणि अलीकडे त्यानेच मला अडचणीत आणले.

शाळेची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेत नोकरी करते. ऐन वेळी एक योजना कोसळली तेव्हा ही 'नॉनप्लस्ड' होती, असे वरिष्ठांनी तिच्या वार्षिक अहवालात लिहिले. तिने दूरध्वनीवरून मला अर्थ विचारला आणि मी वहीतला सांगितला. तिने राजीनाम्याचा मसुदा तयार केला. सुदैवाने तो देण्यापूर्वी तिने वरिष्ठांनाच विचारले, तेव्हा उलगडा झाला की ती स्तुती होती. ही जराही विचलित झाली नाही, असे त्यांना म्हणायचे होते. माझ्या विद्वत्तेपायी एका मुलीची नोकरी जाता जाता राहिली!

मुळात 'नॉन प्लुस' हे लॅटिन शब्द. अर्थ 'आणखी नाही'. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ते नाम म्हणून आले. जिथे आणखी काही बोलता वा करता येत नाही, ती स्थिती म्हणजे 'नॉनप्लस'. त्यावरून क्रियापद झाले आणि पुढे हे विशेषण. आश्चर्याच्या इतर शब्दांहून त्याची जात निराळी आहे. 'सरप्राइज्ड'च्या मुळाशी फ्रेंचमधले अवचित पकडणे आहे, 'अस्टॉनिश्ड'चे नाते लॅटिनमधल्या मेघगर्जनेशी आहे. 'नॉनप्लस्ड'मध्ये मात्र पुढची वाटच खुंटते. म्हणून 'विस्मित' येथे चालणार नाही. विस्मय हा 'स्मि' धातूचा, 'स्मित'चा सख्खा भाऊ; त्यात प्रसन्नता आहे. 'चकित' संस्कृतात भ्यालेला असे, मराठीत त्याचे भय ओसरले. 'नवल' तर नव्याचेच, जशी आमच्या बडोद्याच्या शेजाऱ्यांची गुजराती 'नवाई'. 'अवाक्' जिभेपुरता आणि 'निरुत्तर' वादापुरता. जिथे बुद्धीचीच धार बोथटते तिथे 'कुंठित' हाच शब्द. गुरुजींचे चुकले नव्हते.

मग अर्थ उलटला कसा? आरंभीचा 'नॉन' नकारार्थी भासला, इतकेच कारण. 'प्लस्ड' म्हणजे कोणी क्षुब्ध झालेला आणि 'नॉनप्लस्ड' म्हणजे तसा न झालेला, असा समज विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत रूढ होत गेला. वस्तुतः या अर्थाचे 'प्लस्ड' हे विशेषण इंग्रजीत नाहीच. आज काही कोश दोन्ही अर्थ नोंदवितात, दुसऱ्यापुढे अमेरिकी वापर अशी खूण करून. चोखंदळ लेखक त्याला अजून अशुद्ध मानतात.

अमेरिकनांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचे. 'अपरोक्ष' म्हणजे अर्थातच समक्ष. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूती' या ग्रंथाच्या नावात तोच अर्थ आहे. पण "माझ्या अपरोक्ष हे ठरले" असे आपण सर्रास म्हणतो, ते पाठीमागे या अर्थाने! तिथे 'नॉन'ने फसविले, इथे 'अ'ने. मीही हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत कित्येकदा उच्चारले आहे आणि कोणीही मला अडविलेले नाही.

व्यवहारापुरते सांगायचे, तर ब्रिटिश लेखनात हा शब्द आला की बहुधा जुना अर्थ घ्यावा. अमेरिकन मजकुरात पुढची वाक्ये वाचल्यावाचून निर्णय करू नये आणि स्वतः लिहिताना, विशेषतः कोणाच्या कामाविषयी लिहिताना, हा शब्द टाळावा. वहीत 'कुंठित'पुढे मी आता 'अविचलित' असे लिहिले आहे, मात्र पेन्सिलीने.