उतरत्या साखरेची चाहूल

भूक, तहान, छातीतली धडधड किंवा भरलेले मूत्राशय यांची खबर आपल्या पाच ज्ञानेंद्रियांपैकी एकही देत नाही. ती आतूनच येते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली या आतल्या संवेदनांचा वेगळा वर्ग मांडला. मेंदूतून थेट पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले सुमारे 80 टक्के तंतू अवयवांकडची वार्ता मेंदूला पोहोचवण्याचेच काम करतात.

या वार्तेवर माणसाचा जीव किती अवलंबून असतो, हे इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना पक्के ठाऊक असते. रक्तातली साखर डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, भुकेने जीव कासावीस होतो. या त्रासाचे उपकारच मानायला हवेत, कारण त्यामुळेच माणूस उठून साखर तोंडात टाकतो. पण साखर वारंवार उतरू लागली की शरीर त्या पातळीला सरावते आणि इशारा उशिरा येतो किंवा येतच नाही. बोलणे अडखळते, गोंधळ उडतो, तरी रुग्णाला पत्ता नसतो. अशा वेळी तो गाडी चालवत असेल तर जिवावर बेतते.

हरवलेली ही चाहूल परत मिळू शकते, हे मला फार विलक्षण वाटते. काही आठवडे साखर कटाक्षाने खाली जाऊ दिली नाही, तर अनेकांना इशारे पुन्हा जाणवू लागतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स, लिंडा गाँडर-फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी तर या जाणिवेचे रीतसर प्रशिक्षणच तयार केले. साखर तपासायला बोट टोचण्याआधी क्षणभर थांबायचे. हात कापतोय का, ओठांभोवती मुंग्या येताहेत का, उगाच चिडचिड होतेय का, साधी वजाबाकी अडतेय का, ते पाहायचे. शेवटचे जेवण आणि इन्सुलिनची वेळ आठवून साखरेचा अंदाज वहीत लिहायचा, मगच ग्लुकोमीटर लावायचा. चुकलेला अंदाजही इथे मोलाचा असतो. एखाद्याचे शरीर घामाने बोलते, दुसऱ्याचे चिडचिडीने, आणि आपले नेमके लक्षण कोणते हे त्या वहीतूनच उमगत जाते. प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे आणि वाहन अपघातांचे प्रमाण घटलेले आढळले.

तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर शुगर लो झाल्यावर पूर्वीसारखी थरथर आणि घाम जाणवतो का, हे त्यांना आजच विचारा. जाणवत नसेल तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र सहसा येतो. आणि साखर नेहमी जवळ ठेवायला सांगा. शुगर उतरली की तीन चमचे साखर घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे.