पैसे कोणाचे? काउंटर-स्ट्राइकमधल्या खरेदीविषयी

आजचा विषय जाहीर झाला आणि आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "जन्मभर कांट शिकवलात, आता बंदुका शिकवणार का?" आम्ही म्हटलं, बंदुकांबद्दल नाही, बंदुका विकत घेण्याबद्दल बोलणार आहोत. ते आणखीच घाबरले.

खरं कारण सांगतो. आमचा नातू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवरच्या पाच मुलांचा काउंटर-स्ट्राइकचा संघ होता, त्यातून याला काढून टाकलं. मे महिन्यात घरी आला तो तोंड पाडूनच. गुन्हा असा, की सगळ्यांनी पैसे राखायचे असं ठरलेल्या फेरीत यानं एकट्यानं एके-४७ विकत घेतली. आम्हाला म्हणाला, "आजोबा, पैसे माझे होते. मी मिळवलेले. मग मी काय घ्यावं हे ठरवणारे ते कोण?"

आता पाहा, मालमत्तेच्या हक्काबद्दल लॉक काय म्हणतो हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. स्वतःच्या श्रमानं मिळवलं ते स्वतःचं. पण नातवाला चटकन उत्तर देता येईना. मग दोन आठवडे त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि हा खेळ समजून घेतला. माउस स्वतःच्या हातात घेतला तेव्हा काय झालं, ते इथं सांगण्याची गरज नाही.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' नावाच्या खेळात फेरफार करून हा बनवला. पुढे तो व्हॉल्व्ह कंपनीनं आपल्याकडे घेतला, आणि २०२३ पासून त्याचं 'काउंटर-स्ट्राइक २' हे रूप चालू आहे. पाच विरुद्ध पाच. एक बाजू बॉम्ब लावायला येते, तिला टी म्हणतात. दुसरी तो अडवते, ती सीटी. एक फेरी साधारण दोन मिनिटांची. मेलेला खेळाडू फेरी संपेपर्यंत नुसता बघत बसतो. बारा फेऱ्या झाल्या की बाजू बदलतात, आणि ज्याच्या तेरा फेऱ्या आधी होतात तो जिंकतो.

इथवर हा चोर-पोलिसांचाच खेळ झाला. मेख पुढे आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला हत्यारं विकत घ्यावी लागतात, आणि मेलात तर ती गेली. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. एके-४७ ची किंमत २७००. नुसतं चिलखत ६५०, हेल्मेटसकट १०००. धुराचा गोळा ३००, डोळे दिपवणारा फ्लॅश २००. एडब्ल्यूपी नावाची लांब पल्ल्याची रायफल ४७५०. म्हणजे सुरुवातीला चिलखत घेतलं की खिशात दीडशे उरतात आणि हातात फुकट मिळालेलं पिस्तूल.

पैसे येतात कुठून? फेरी जिंकली की प्रत्येकाला ३२५० किंवा ३५००. शत्रू मारला की हत्याराप्रमाणे बक्षीस, आणि ही गंमत लक्षात घ्या: रायफलनं मारलं तर ३००, बहुतेक छोट्या सबमशीनगनांनी मारलं तर ६००, एडब्ल्यूपीनं फक्त १००, आणि सुरीनं मारलं तर १५००. हत्यार जितकं भरवशाचं तितकं बक्षीस कमी.

हरणाऱ्यालाही पैसे मिळतात, आणि हरत गेलात तर ते वाढत जातात. पहिली फेरी हरली तर १९००, लागोपाठ दुसरी हरली तर २४००, मग २९००, मग ३४००, तिथं थांबतात. आम्हाला आधी वाटलं, वा, इथं रॉल्स अवतरला, सर्वांत दुबळ्याची काळजी घेणारा. पण तसं नाही. एकदा मागे पडलेला संघ कायमचा कंगाल राहिला तर सामना तिथंच संपेल आणि बघणारे उठून जातील. करुणा नाही, सोय आहे. शिवाय आळशाला इथं माफी नाही. टी बाजूनं बॉम्ब लावलाच नाही आणि वेळ संपेपर्यंत कोणी जिवंत लपून राहिला, तर त्याला एक दमडी मिळत नाही.

आता नातवाचा खटला. त्यांचा संघ टी बाजूला होता. पहिली फेरी हरले. पाचही जणांनी आधी चिलखत घेतलं होतं. चौघांकडे दीडशे अधिक एकोणीसशे, म्हणजे २०५०. आमच्या चिरंजीवांनी पिस्तुलानं तिघांना मारलं होतं, म्हणजे ९०० जास्त: २९५०. कप्तान म्हणाला, ही फेरी सोडायची, कोणी काही घ्यायचं नाही. याला 'इको' म्हणतात. यानं २७०० मोजून एके-४७ घेतली. खिशात २५० राहिले. चिलखत नाही.

समोरच्यांच्या हातात सबमशीनगना होत्या. हा एका कोपऱ्यावर मेला, एकालाही न मारता, आणि त्याची एके-४७ शत्रूनं उचलली. सीटीला ही बंदूक विकत मिळत नाही, याची मात्र आयती मिळाली.

तिसऱ्या फेरीचा हिशेब करा. चौघांकडे २०५० अधिक २४००, म्हणजे ४४५०. त्यात एके-४७, चिलखत, हेल्मेट मिळून ३७००, आणि वर धूर-फ्लॅशसाठी साडेसातशे उरतात. सुरेख. आमच्या नातवाकडे २५० अधिक २४००, म्हणजे २६५०. एके-४७ ला पन्नास डॉलर कमी! चार रायफली आणि एक पिस्तूल घेऊन ते तिसऱ्या फेरीत उतरले आणि हरले. यानं जर दुसऱ्या फेरीत हात आवरला असता तर त्याच्याकडे ५३५० असते, म्हणजे पाचांत सर्वांत श्रीमंत तोच असता.

तुम्ही म्हणाल, पाचांपैकी एकच तर कमी होता. पण इथेच खेळाचं मर्म आहे. पैसे प्रत्येकाच्या वेगळ्या खिशात असतात, पण त्यांचं मोल एकत्रच ठरतं. पाचांनी मिळून घेतलं तर ती खरी खरेदी. पाचांनी मिळून राखलं तर तीही एक चाल. दोन जणांनी घेतलं, तिघांनी राखलं, तर ही फेरीही जाते आणि पुढचीही. सगळ्यांनी मिळून अपुऱ्या पैशांत जे मिळेल ते घेऊन तुटून पडायचं, याला 'फोर्स' म्हणतात. तो जुगार असेल, पण एकत्र केला तर शहाणपणाचाही असू शकतो, विशेषतः समोरच्यांचीही तंगी असेल तर. अर्धवट मात्र कधीच नाही.

१७५५ साली प्रसिद्ध झालेल्या विषमतेवरच्या प्रबंधात रूसोनं एक दृश्य रंगवलं आहे. काही माणसं हरणाच्या शिकारीला निघतात. प्रत्येकानं आपली जागा धरली तर हरीण मिळेल. तेवढ्यात एकाच्या समोरून ससा पळतो. तो सशामागे धावतो, त्याला ससा मिळतो, आणि हरीण त्याच्या मोकळ्या जागेतून निसटतं. आमच्या नातवाची एके-४७ म्हणजे तो ससा. तोही हाती लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

याच्या उलट बाजूला या खेळात एक रीत आहे, ती आम्हाला फार आवडली. ज्याच्याकडे जास्त आहे तो दोन बंदुका घेतो आणि एक साथीदारापुढे टाकतो. याला 'ड्रॉप' म्हणतात. हे दान नव्हे. आपल्याकडे शेतकरी सावड करतात, आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे, तसलं हे. लिहून ठेवलेलं नसतं, पण विसरलेलंही चालत नाही.

आता हत्यारांच्या निवडीकडे येऊ. आम्ही समजत होतो की सर्वांत चांगली बंदूक कोणती, हा प्रश्न आहे. तो प्रश्नच नाही. खरा प्रश्न समोरच्याच्या खिशात किती आहेत हा. साधं हेल्मेट घ्या. एके-४७ ची गोळी डोक्यात लागली तर जवळपास कुठल्याही अंतरावरून हेल्मेटसकट माणूस मरतो. मग समोर पाच एके-४७ येणार असतील तर सीटीनं हेल्मेटावर ३५० डॉलर घालवायचे कशाला? नुसतं चिलखत घ्यावं आणि उरलेल्यात धूर घ्यावा. पण समोरचे कंगाल असतील, पिस्तुलं घेऊन येणार असतील, तर तेच हेल्मेट जीव वाचवतं. वस्तू तीच, किंमत तीच, उपयोग दुसऱ्याच्या गरिबी-श्रीमंतीवर अवलंबून.

आणि समोरच्याचे पैसे दिसत नाहीत. प्रेक्षकांना दोन्ही बाजूंचे आकडे दिसतात, खेळाडूंना फक्त आपल्या बाजूचे. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण नाही, अनुमान करायचं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे, हे न्यायदर्शनातलं उदाहरण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं. इथं ते शब्दशः लागू पडतं! समोरून धुराचे दोन-तीन गोळे आले, की समजायचं, पैसे आहेत, रायफली येत आहेत. कंगाल संघ धुरावर सहसा खर्च करत नाही. पण हुशार कंगाल संघ मुद्दाम एक धूर सोडतो आणि समोरच्याला खोट्या अनुमानात पाडतो. हेत्वाभास ३०० डॉलरला विकत मिळतो असा दुसरा बाजार आमच्या माहितीत नाही.

बाजाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. या सगळ्या किमती कंपनी ठरवते, आणि वेळोवेळी बदलते, त्यामुळे आमचे आकडे कोणी कोरून ठेवू नयेत. २००६ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक: सोर्स'मध्ये व्हॉल्व्हनं निराळा प्रयोग केला: आधीच्या आठवड्यात जगभरच्या खेळाडूंनी काय किती घेतलं, त्यावरून पुढच्या आठवड्याच्या किमती ठरायच्या. सर्वांना हवी ती बंदूक महाग, कोणी न घेतलेली स्वस्त. कागदावर किती न्याय्य! पण खेळाडूंना ते रुचलं नाही, आणि मूळ खेळात ती पद्धत टिकली नाही. कारण उघड आहे. बुद्धिबळात वजिराची चाल दर सोमवारी बदलली तर कोण खेळेल? उलट २०१८ च्या अखेरीस एसजी ५५३ नावाच्या रायफलची किंमत ३००० वरून २७५० वर आली. बंदूक तीच होती, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली. अडीचशे डॉलर कमी झाल्यावर मोठमोठ्या संघांनी ती वापरून पाहिली आणि मग काही काळ एके-४७ बाजूलाच पडली. शेवटी २०१९ मध्ये किंमत पूर्ववत करावी लागली. किंमत ही नुसती अडवणूक नसते, तिच्यामुळे माणसाची नजर वळते.

शेवटी एक अवघड जागा. समजा तुम्ही सीटी आहात. तुमचे चार साथीदार मेले, समोर तिघे जिवंत, बॉम्ब लागला आहे, चाळीस सेकंदांत फुटणार. तुमच्या हातात ४७५० ची एडब्ल्यूपी आहे. धावत जाल तर बहुधा मराल आणि बंदूकही जाईल. लांब कोपऱ्यात लपलात तर फेरी जाईल, पण बंदूक पुढच्या फेरीला हातात राहील. पहिल्यांदा नातवाला असं लपताना पाहिलं तेव्हा आम्ही म्हटलं, "अरे, हा पळपुटेपणा आहे." तो म्हणाला, "आजोबा, याला 'सेव्ह' म्हणतात."

रशियाचा झामी अली, 'जेम' या नावानं खेळणारा, अशा लपण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला की प्रेक्षकांनी त्याच्या नावानं 'जेम टाइम' असा शब्दच रूढ केला, बराचसा थट्टेनं. २०२२ मध्ये रिओच्या मेजर स्पर्धेत विजयी झालेल्या आउटसायडर्स संघाचा कप्तान तोच होता. आता हे भ्याडपण की विवेक? आमचं मत असं की लपणाऱ्याला शौर्याचा हिशेब विचारू नये, साथीदारांना विचारून लपला का, हे विचारावं. पुढच्या फेरीत ती एडब्ल्यूपी सगळ्यांच्या कामी येणार असेल तर लपणं हीसुद्धा चाकरीच आहे. स्वतःच्या नावापुढचा मृत्यूचा आकडा वाढू नये म्हणून लपला असेल तर ती निराळी गोष्ट. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हीच पंचाईत.

हे सगळं आम्ही नातवाला सांगितलं. लॉक सांगितला, रूसो सांगितला, पन्नास डॉलरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, रूसोच्या शिकाऱ्यांना नीट बोलता तरी येत होतं का? आम्हाला माइक आहे."

मुद्दा बिनतोड होता. रूसो स्वतःच म्हणतो की त्या अवस्थेतल्या माणसांची भाषा कावळ्या-माकडांहून फार पुढे गेलेली नव्हती. आम्ही विचारलं, "मग त्या फेरीत तुझा माइक चालू होता का?"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि जेवायला गेला.