यंत्रलिखिताची पारख आणि विद्यार्थ्यावरील आरोप

निबंध विद्यार्थ्याचा की कृत्रिम बुद्धिमत्तेचा, हे ठरवू पाहणारी अनेक यंत्रे आशय पाहत नाहीत. पुढील शब्द कितपत अपेक्षित होता, हे मुख्यतः मोजतात. अपेक्षित शब्द फार आढळले की लेखन यंत्राचे ठरते. परभाषेत लिहिणाऱ्याचा शब्दसंग्रह मर्यादित असल्याने त्याचे प्रामाणिक लेखनही या कचाट्यात सापडते. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल-निबंध अशा सात यंत्रांपुढे ठेवले. सरासरीने निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरले. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हा धोका आहे, हे उघड आहे. यास्तव यंत्राचा कौल पुरावा मानू नये, कच्चे खर्डे व तोंडी परीक्षा यांवरूनच निर्णय व्हावा, असे कलम विद्यापीठीय नियमांत असणे अगत्याचे आहे.