नकुशी कोणत्या विभागात शिकवायची?

लिंगभाव शिकायला एम.ए.ला आलेल्या मुलांपुढे आम्ही आधी एक नाव ठेवतो: नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं मिळाली. भाषेच्या अभ्यासकाला या नावात ‘नकोशी’ ऐकू येते, मानववंशशास्त्राला पुढचा मुलगा व्हावा म्हणून केलेला तोडगा दिसतो. आणि जनगणनेला? काहीच नाही. तिथे नकुशी चारचौघींसारखीच एक मुलगी. याउलट २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, त्यांना तर नावही नव्हतं. तिथे वैद्यक लागतं, गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा लागतो. बरं, नाव बदललेल्या मुलीला घरी आजही काय हाक मारतात? ते ऐकायला मात्र तिच्या ओसरीवरच जाऊन बसावं लागतं.